म्हातारपण कशासाठी असतं?

मूल होण्याचं वय उलटून गेल्यावरही वर्षानुवर्षं जगत राहणं ही निसर्गात फार दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या जवळजवळ अखेरपर्यंत पिल्लं देतात, आणि ते थांबलं की त्यांचं आयुष्यही फार उरलेलं नसतं. माणसाचं तसं नाही. पाळी गेल्यानंतरही बाई तीस-चाळीस वर्षं जगते, हिंडते-फिरते, घर चालवते, रागावते, लाड करते. असं आयुष्य लाभलेले दुसरे प्राणी शोधायला गेलं तर ओर्का आणि आणखी काही दातेरी देवमासे सापडतात. त्यापलीकडे यादी फारशी लांबत नाही. निसर्गाचा व्यवहार मोठा रोखठोक असतो. उपयोग नसलेल्या गोष्टीवर तो एवढी वर्षं खर्च करत नाही. मग आपल्याला हे लांबलचक म्हातारपण दिलं तरी कशासाठी?

या प्रश्नाचं एक विलक्षण उत्तर टांझानियाच्या उत्तर भागात, इयासी सरोवराच्या आसपासच्या माळरानावर मिळालं. तिथे हाड्झा लोक राहतात. ते शेती करत नाहीत, गुरं पाळत नाहीत. शिकार, मध, फळं आणि कंद यांवर जगतात. १९८०च्या दशकात क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओकॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स हे संशोधक त्यांच्यात जाऊन राहिले. कोण किती वेळ काम करतं, किती अन्न घरी आणतं, मुलांचं वजन किती वाढतं, याची ते रोज नोंद करत. त्यात त्यांना एक गोष्ट खटकली. सगळ्यात जास्त वेळ राबत होत्या त्या म्हाताऱ्या बायका. 'एक्वा' नावाचा कंद टणक जमिनीत खोलवर असतो. तो काढायला अणकुचीदार काठीने तासन्‌तास खणावं लागतं आणि लहान मुलांच्या हातात तेवढा जोर नसतो. आईच्या अंगावर नवं तान्हं आलं की तिचं खणणं कमी होतं. अशा वेळी नुकतंच दूध तुटलेल्या मोठ्या भावंडाचं वजन वाढणार की घटणार, याचा संबंध आईच्या कामाशी उरत नाही. तो आजीच्या कामाशी जाऊन जुळतो.

यातूनच आजीचा सिद्धांत उभा राहिला. ज्या घरात आजी जगली-वाचली आणि राबली तिथली नातवंडं जास्त तगली, त्यांच्यातून तिचा दीर्घायुष्याचा वारसा पुढे गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या असं घडत माणसाचं आयुष्य लांबलं. या सिद्धांतावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, ते असायलाच हवेत. पण त्याच्यामागचा विचार मला थक्क करतो. नातवंड आहे म्हणून आजी आहे, आणि तीही अगदी शब्दशः, रक्तामांसाच्या पातळीवर!

ओर्कांची गोष्ट याहून नाट्यमय आहे. कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओर्का कळपांची नोंद १९७०च्या दशकापासून ठेवली जाते. एकेक ओर्का पाठीवरच्या पराच्या आकारावरून ओळखला जातो, त्याची आई कोण, आजी कोण, हे लिहिलेलं असतं. त्या नोंदींवरून दिसलं की पिल्लं होणं थांबलेल्या म्हाताऱ्या माद्याच कळपाच्या पुढे पोहतात, आणि ज्या वर्षी सामन मासा कमी असतो त्या वर्षी हे जास्त ठळकपणे दिसतं. सामन कुठे, कधी सापडतो याची कित्येक वर्षांची आठवण त्यांच्याकडे असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असंही आढळलं की आजी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत नातवंडांच्या मरणाचा धोका बराच वाढतो. समुद्रात काय किंवा माळरानावर काय, म्हाताऱ्यांचं पोरांपाशी काम होतं.

आता आपल्या गावांकडे आणि शहरांकडे पाहू. आपण माणसं वयानुसार वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून दिली आहेत. सहा वर्षांची पोरं सहा वर्षांच्या पोरांबरोबर, पंचविशीचे पंचविशीच्यांबरोबर, आणि निवृत्त झालेले बागेतल्या ठरलेल्या बाकावर आपल्याच वयाच्या माणसांबरोबर. मुलगा-सून पुण्याला किंवा परदेशी आणि आजी-आजोबा गावात, हे तर घरोघरी झालं आहे. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटींहून जास्त होते. ज्या आयुष्याची घडणच नातवंडांसाठी झाली, अशी शंका घ्यायला जागा आहे, ते आयुष्य नातवंडांपासून तोडल्यावर त्याचं काय होत असेल? आणि परत जोडलं तर काय होईल? ती नातवंडं सख्खी नसली, परक्याची असली, तरी?

हा प्रश्न एका डॉक्टरने अगदी शिस्तीत तपासला. लिंडा फ्रीड या वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करत. तपासायला येणाऱ्या रुग्णांत त्यांना पुन्हापुन्हा एक गोष्ट दिसायची. तक्रार गुडघ्याची असो, झोपेची असो की नुसत्या थकव्याची. मुळाशी गेलं की सकाळी उठायला कारणच उरलेलं नसे. त्या रुग्णांना सांगू लागल्या की तुम्हाला मोलाचं वाटेल असं काहीतरी काम शोधा. रुग्ण परत येऊन सांगत, शोधलं, पण आमच्यासाठी काही काम नाही. मग असं काम तयारच का करू नये, असं फ्रीड यांच्या मनाने घेतलं. मार्क फ्रीडमन यांच्या साथीने त्यांनी 'एक्स्पीरिअन्स कोअर' या कार्यक्रमाची आखणी केली, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या पाच शहरांत तो करून पाहिला गेला.

आखणी साधी दिसते, पण तिच्यातला प्रत्येक तपशील विचारपूर्वक ठेवलेला आहे. साठीच्या पुढची माणसं घ्यायची. त्यांना सुमारे तीस तासांचं प्रशिक्षण द्यायचं. गरीब वस्तीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत, बालवाडी ते तिसरीच्या वर्गांवर त्यांना पाठवायचं. एका शाळेत एक-दोन माणसं नाहीत. पंधरा-वीस जणांचं पथकच. आठवड्याला किमान पंधरा तास, संपूर्ण शैक्षणिक वर्षभर. बसभाडं आणि जेवणखाण सुटेल इतका भत्ता. आणि काम खरं हवं. बागडणाऱ्या मुलांकडे कौतुकाने पाहत बसायला कुणी बोलावलेलं नव्हतं. वाचनात मागे पडलेल्या मुलाला शेजारी बसवून वाचायला लावायचं, बंद पडलेलं शाळेचं ग्रंथालय चालू करायचं, मुलांची भांडणं मारामारीविना सुटतील असं वळण लावायचं.

यातली खरी गंमत पुढे आहे. फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं मुळात आरोग्याचा कार्यक्रम म्हणून रचलं होतं. पण भरती करताना व्यायाम, स्मरणशक्ती यांवर भर नव्हता. या शाळेतल्या मुलांना वाचता येत नाही आणि त्यांना तुमची गरज आहे, ही हाक होती. व्यायामशाळेत कधी पाय न ठेवलेली माणसं त्या हाकेला आली.

अशा एका बाईंची सकाळ डोळ्यांसमोर आणा. आठ वाजता आवरून बस पकडायची. शाळेचे दोन जिने चढायचे. दुसरीतल्या ज्या मुलाबरोबर वाचायचं त्याचं नाव, त्याच्या बहिणीचं नाव, काल तो कुठल्या शब्दावर अडला होता, हे आठवायचं. ग्रंथालयात त्याच्या आवाक्यातलं पण त्याला थोडं पुढे ढकलणारं पुस्तक शोधायचं. तो वाचत असताना मागच्या बाकावर दोघांची जुंपली तर तिकडे लक्ष द्यायचं, आणि परत येऊन नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवायचं. मधल्या सुट्टीत पथकातल्या मैत्रिणीशी बोलून उद्याचं ठरवायचं. वैद्यकाच्या भाषेत यात चालणं आलं, स्मरण आलं, एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणं आलं, माणसांत मिसळणं आलं. मेंदूचे तज्ज्ञ ज्या क्षमता म्हातारपणी आधी क्षीण होतात म्हणून सांगतात, त्या सगळ्या इथे दर तासाला वापरल्या जातात, आणि त्या बाईंच्या लेखी त्या फक्त एका पोराला वाचायला शिकवत असतात.

बाल्टिमोरमधल्या सुरुवातीच्या चाचणीतच फरक दिसू लागला. शाळेत जाणाऱ्यांचा टीव्ही पाहण्याचा वेळ घटला, न जाणाऱ्यांचा वाढला. अडीनडीला हाक मारता येईल अशी माणसं त्यांच्या आयुष्यात वाढली. चालण्याचा वेगही त्यांनी तुलनेने टिकवला. त्यानंतर २००६ सालापासून मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात ७०२ ज्येष्ठ सहभागी झाले. कोण शाळेत जाणार आणि कोण तुलनेसाठीच्या गटात राहणार हे कुणाच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरवलं गेलं, म्हणजे 'जे मुळातच उत्साही तेच शाळेत गेले' अशी पळवाट उरू नये. सहभागी होणाऱ्यांत बहुसंख्य आफ्रिकन-अमेरिकन स्त्रिया होत्या, आणि अनेकांचं उत्पन्न बेताचंच होतं.

त्यातल्या १११ जणांच्या मेंदूचं एमआरआय सुरुवातीला, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी काढलं गेलं. मेंदूत दोन्ही बाजूंना आत दडलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी रुजतात त्या त्याच्या जोरावर. उतारवयात तो साधारण दर वर्षी एक ते दोन टक्क्यांनी आक्रसतो, आणि स्मृतिभ्रंशात याहून वेगाने. तुलनेच्या गटातल्या माणसांच्या मेंदूत वयानुरूप झीज दिसली. शाळेत जाणाऱ्या पुरुषांच्या मेंदूचं आकारमान मात्र दोन वर्षांत ०.७ ते १.६ टक्क्यांनी वाढलं होतं. घट थांबली असती तरी पुष्कळ होतं. इथे वाढ झाली. स्त्रियांतही कल त्याच दिशेने होता, पण फरक छोटा होता. १११ ही संख्या लहान आहे हे ध्यानात ठेवलंच पाहिजे आणि एवढ्यावरून स्मृतिभ्रंश टळतो असं कुणी म्हणू नये. तरीही सत्तरीतल्या माणसाचा मेंदू दुसरीच्या वर्गात बसून वाढतो, हे वाक्य मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो.

पुरुषांना जास्त फायदा झाला, हे तर अधिकच विचार करण्याजोगं. आजीच्या सिद्धांतात आजोबांना फारशी जागा नाही. इथे मात्र तेच पुढे आले. माझा तर्क असा की निवृत्तीबरोबर पुरुषाचं सगळंच एकदम सुटतं: घड्याळ, माणसं, हुद्दा, कुणीतरी विचारायला येणं. बाईला घरातलं काम सुटत नाही, शेजारपाजार सुटत नाही. म्हणून कुठल्याही मुलाने दप्तर घेऊन समोर येऊन बसणं ही पुरुषाच्या आयुष्यात मोठी भर ठरत असावी. आपल्याकडच्या किती निवृत्त मास्तरांना, पोस्टातल्या बाबूंना, एसटीतल्या वाहतूक नियंत्रकांना हे लागू पडेल!

मुलांचं काय झालं, हा प्रश्न याहून महत्त्वाचा, कारण त्यांना औषध म्हणून वापरणं मुळीच बरोबर नाही. सुरुवातीच्या चाचणीत तिसरीच्या मुलांचे वाचनाचे गुण वाढले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत तक्रार घेऊन जाणं कमी झालं. पुढे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने बॉस्टन, न्यूयॉर्क आणि पोर्ट आर्थर या तीन शहरांत अभ्यास केला. ज्येष्ठांबरोबर वाचणाऱ्या मुलांनी नवा शब्द फोडून वाचणं आणि वाचलेलं समजणं या दोन्ही बाबतींत, तशाच इतर मुलांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त प्रगती केली होती. दोन्ही बाजूंना एकाच वेळी देणारी अशी व्यवस्था सार्वजनिक कामात क्वचित सापडते.

जगात याची आणखी रूपं आहेत. टोकियोच्या एदोगावा भागात 'कोतोएन' ही संस्था १९७६ पासून वृद्धाश्रम आणि बालवाडी एकत्र चालवते. नेदरलँड्समधल्या देव्हेंतर शहरात 'ह्युमानितास' या वृद्धनिवासात कॉलेजचे काही विद्यार्थी भाडं न देता राहतात, आणि त्या बदल्यात महिन्याला तीस तास चांगले शेजारी होतात. लंडनच्या नाइटिंगेल हाउसमध्ये २०१७ साली वृद्धनिवासाच्या आवारातच बालवाडी उघडली.

पण मला सांगायचं आहे ते मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याबद्दल. ठाणे जिल्ह्यातलं हे छोटं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानावर आलं की गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, आम्हालाही वाचता आलं असतं तर पारायणाला आम्हीही पोथी वाचली असती. ८ मार्च २०१६ला, महिला दिनी, गावात 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. एका धर्मादाय ट्रस्टने साहित्य पुरवलं. वय साठ ते नव्वद. गणवेश गुलाबी नऊवारी. दप्तर, पाटी, पेन्सिल. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे शेतातलं आणि घरातलं काम उरकल्यावर. शिकवणारी बाई गावातलीच एक सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू.

इथे सगळं उलटं झालं. बाल्टिमोरमध्ये आजी नातवंडांच्या वयाच्या मुलांना वाचायला शिकवते; फांगण्यात आजी शिकते आणि घरी गेल्यावर नातवंडं तिचा अभ्यास घेतात. आयुष्यभर खुरपं आणि विळा धरलेल्या बोटांत पाटीवरची पेन्सिल नीट बसत नाही. 'अ' काढताना रेघ थरथरते, वेलांटी पुढे निसटते. कुणाला दिसायला कमी, कुणाला ऐकायला, म्हणून शेजारचीला विचारत विचारत पुढे जायचं. घरी शेजारी बसलेलं तिसरीतलं नातवंड अक्षराच्या वळणावर बोट फिरवून दाखवतं. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला पहिल्यांदाच आपल्याला येणारी गोष्ट थोरल्या माणसाला द्यायला मिळते. बँकेत अंगठा उठवणाऱ्या बायका सही करू लागल्या, हे त्या शाळेचं सर्वांना माहीत असलेलं फळ. मला तिसरीतल्या त्या मास्तराचं काय झालं असेल याचंही तितकंच कुतूहल वाटतं, कारण शिकवताना आपलंच शिकणं पक्कं होतं हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

दिशा उलटी, तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: ठरलेल्या वेळी कुणीतरी वाट पाहत असतं. फांगण्याची आजी दोन वाजता आली नाही तर मैत्रीण दारात हाक मारायला येते. बाल्टिमोरमधलं मूल दुसऱ्या दिवशी विचारतं, काल का नाही आलात?

शिकवताही येत नसेल तर म्हाताऱ्या माणसाने काय द्यायचं, याचंही एक नवलाचं उदाहरण भारतातलंच आहे. शिक्षण-संशोधक सुगत मित्र यांनी तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावी मुलांना संगणकावर डीएनएची इंग्रजी माहिती देऊन ठेवली आणि ते निघून आले. तमिळ बोलणारी ती मुलं चाचणीत शून्यावरून ३० टक्क्यांवर पोचली. मग त्यांनी विषयातलं काही न कळणाऱ्या एका ओळखीच्या तरुणीला सांगितलं, आजी करते तसं कर. मागे उभी राहा आणि 'अरे वा, हे कसं केलंस, पुढे काय आहे, दाखव ना' असं म्हणत राहा. मुलं ५० टक्क्यांवर गेली. २००९ साली मित्र यांनी ब्रिटनमध्ये आवाहन केलं, आणि स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारायला, गोष्टी वाचून दाखवायला तिकडची अनेक निवृत्त माणसं तयार झाली. 'ग्रॅनी क्लाउड' म्हणतात ते हेच. पुढे फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेतल्या मुलांसमोरही पडद्यावर अशा आज्या येऊ लागल्या. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर टीकाही झाली आहे, पण मागे उभं राहून नवल करणारं माणूस हवं, ही गोष्ट आजीकडे वाढलेल्या कुणालाही पटेल.

म्हणूनच वर्षातून एकदा मुलांना वृद्धाश्रमात नेऊन, गाणी म्हणवून, फळं वाटून परत आणण्याच्या कार्यक्रमांबद्दल मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. त्यात प्रेम असतं, पण पुढच्या मंगळवारी कुणी येणार नसतं. आजींचं नाव मुलांना कळत नाही आणि मुलांचं आजींना. फोटो निघतात, मेंदूत काही हलत नाही. जे प्रयोग फळाला आले त्यांत वारंवारता होती, खरं काम होतं, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांवाचून अडत होतं.

महाराष्ट्रात यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आधीच जागेवर आहे. ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० पासून काम करतो, आणि लहानमोठ्या गावांत संघ आहेत. त्यांच्या सभांना हॉल भरतो. दुसरीकडे २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं लक्ष्य आहे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. बाल्टिमोरने निवडलेले वर्ग नेमके हेच होते.

कुठल्याही संघाने एक शाळा निवडावी आणि पंधरा माणसं उभी करावीत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येकाची नीट पडताळणी व्हावी आणि वाचन उघड्या वर्गातच, शिक्षकांच्या नजरेसमोर चालावं. कोण कुठल्या दिवशी, कुठल्या मुलाबरोबर, हा तक्ता मुख्याध्यापकांच्या खोलीत लागावा, आणि एखाद्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तर त्याच्या मुलाबरोबर कोण बसणार, हेही त्याच तक्त्यावर लिहिलेलं असावं. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे तीस तासांच्या प्रशिक्षणाला एप्रिल-मे मोकळे मिळतात.